डावी बारावी बरगडी

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे, पण माझ्यात पोपट कधीच नव्हता. माझ्यात एका माणसाचा श्वास राहत होता. तो माणूस कोण, ते आता मला आठवत नाही. कलकत्त्याला मला वाळवून तारांनी जोडलं आणि आगगाडीनं ग्वाल्हेरला धाडलं. तिथल्या लष्कर नावाच्या भागात, नया बाजारामागच्या एका माडीवर सुईणींचा वर्ग भरायचा. तिथे माझा सांगाडा खुंटीला टांगला. पहिल्याच दिवशी झाडायला आलेली बाई माझ्याकडे पाहून थुंकली. तेव्हापासून माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही.

वर्गाचे मास्तर होते सदाशिवराव. त्यांच्या हातात लाल लाखेची छडी असायची. ती माझ्यावर खडखडवल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे. सन छत्तीसच्या उन्हाळ्यात एके दिवशी ते म्हणाले, "बरगड्यांच्या बारा जोड्या. पैकी दहा पुढं छातीच्या हाडाला थेट जोडलेल्या."

"सातच, मास्तर," मागून आवाज आला. "आठवी, नववी, दहावी आपल्या वरचीचा आधार घेतात. शेवटच्या दोन जोड्या पुढून मोकळ्याच."

ही दुर्गा. पाटणकर बाजारात राहणारी, पंचविशीतली विधवा. तिचं खरं होतं. तुम्हीही आपल्या कुशीला हात लावून पाहा. मुली तोंडाला पदर लावून हसल्या. सदाशिवरावांचे कान लाल झाले.

दुपारी वर्ग रिकामा झाला. ते एकटेच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सातच काय!" असं पुटपुटत त्यांनी छडी हाणली. माझ्या डाव्या बाराव्या बरगडीला पुढून आधार नाही. ती मुळापाशी काडकन तुटली. त्यांनी तुकडा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीतून मागच्या विहिरीत टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच आरडाओरडा केला. "हाड चोरीला गेलंय! विधवा बाई हाड कशाला नेते, हे काय मी सांगायला हवं?"

मित्रांनो, मला छडीचा राग आला होता, पण या वाक्याचा जो आला तो अजून उतरलेला नाही. करणीची कुजबूज आठ दिवसांत सगळ्या बाजारात पसरली. पोरं दुर्गाच्या मागे "हड्डीवाली, हड्डीवाली" ओरडत धावू लागली. घरमालकानं खोली सोडायला सांगितलं. एक गरोदर बाई तिला पाहून रस्त्याच्या पलीकडे गेली. दुर्गा वर्गात यायची, तर शेजारी कुणी बसत नसे. वर्गातलं मी पाहत होतो, बाहेरचं मुलींच्या तोंडून ऐकत होतो. पण सांगायला मला जीभ नव्हती.

परीक्षा घ्यायला इंदूरहून डॉक्टर सुलोचनाबाई आल्या. सदाशिवराव म्हणाले, "हिला बसवू नका. ही चोर आहे."

दुर्गा उठून माझ्याजवळ आली. तिनं माझ्या कण्याजवळ बोट ठेवलं.

"बाई, मी चोर असले तर असेन. पण आधी हे पाहा. बरगडी मणक्याला तारेनं बांधलेली असते. चोरायची तर तार सोडवावी लागेल. इथे तार तशीच आहे आणि बरगडीचं मूळही तिच्यात अडकलेलं आहे. ही कुणी काढलेली नाही, मोडलेली आहे."

सुलोचनाबाईंनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. वरच्या अकराव्या बरगडीवर लाल ओरखडा होता. त्यांनी हात पुढे केला. "मास्तर, जरा छडी द्या."

छडी ओरखड्याला लावली. छडीवर एका जागी लाख उडालेली होती, बरोबर ओरखड्याएवढी.

"चुकून लागली असेल," सदाशिवराव म्हणाले. "दुर्गाबाई, झालं गेलं विसरून जा."

"कसं विसरू? माझ्या दारावर लोक थुंकतात, मास्तर."

सुलोचनाबाईंनी कागद मिटले. "जिथे जिथे खोटं बोललात, तिथे जाऊन खरं सांगा. तोवर मी एकाही निकालावर सही करणार नाही."

पुढचं मला मुलींच्या बोलण्यातून कळलं. सदाशिवराव पाटणकर बाजारात गेले. भर बाजाराच्या वेळी, दुर्गाच्या दारासमोर उभे राहून मान खाली घालून म्हणाले, "हाड मी मोडलं. हिनं नेलं नाही."

दुर्गा उंबऱ्यावर उभी होती. ती म्हणाली, "मोठ्यानं बोला. माडीवरच्या लोकांना ऐकू गेलं नाही."

त्यांना तीनदा बोलावं लागलं.

दुर्गा पास झाली. सदाशिवरावांनी मात्र माझं तोंड भिंतीकडे फिरवलं, ते आजतागायत तसंच आहे. मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. मला हात लावायची किळस येत असेल तर लावू नका. पण आपल्या हातून काही मोडलं, तर ते दुसऱ्याच्या माथी मारू नका. एवढं तरी करा.