हवा चाखणारा कंदील

कंदील म्हटलं की तुम्हाला उजेड आठवतो. साहजिक आहे. मीसुद्धा तरुणपणी स्वतःला उजेडाची वस्तूच समजत होतो. पण मित्रांनो, माझं खरं काम हवा चाखण्याचं होतं, हे मला जरा उशिरा कळलं. मी एक जुना कंदील आहे. काचेला एका बाजूने तडा गेला आहे, कडी वाकली आहे, टाकीच्या बुडाला गंज चढला आहे. तरी वात वर करून काडी लावली, तर अजून पेटतो. या वयात एवढं पुष्कळ झालं.

मला घडवणाऱ्या कारागिराने एक गोष्ट फार जपून केली होती. वातीखालच्या चकतीला बारीक भोकं असतात ना, ती त्याने उजेडासमोर धरून नीट पाहिली. मला नवल वाटलं. जळणार ते टाकीतलं रॉकेल, मग या भोकांचं एवढं कौतुक कशाला? पुढे समजलं की मी निम्मा तेलावर जगतो आणि निम्मा हवेवर. तेल संपलं की लोक ओततात. हवा संपेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

देगलूरच्या बाजारात माझ्यासाठी मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत घासाघीस झाली. शेवटी धोंडप्पा नावाच्या किराणा दुकानदाराने मला घेतलं आणि शिरूर अनंतपाळजवळच्या आपल्या गावी आणलं. घरात त्याची बायको महानंदा आणि धाकटा भाऊ गुंडप्पा. सासू लवकर गेली, म्हणून गुंडप्पाला लहानाचा मोठा महानंदानेच केला होता. तो तिला वैनी म्हणायचा आणि ती त्याला बोलल्याशिवाय जेवू घालत नसे.

रोज तिन्हीसांजेला ती चुलीतली राख चिंधीवर घेऊन माझी काच पुसायची. पुसता पुसता माझ्याशीच बोलायची. तुझं बेस हाय बाबा, म्हणायची, तुझं तोंड धुवायला रोज बाई हजर. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला सांगू, काच स्वच्छ असली की मी जरा जास्तच ऐटीत जळायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडले. राहता राहिला मठामागचा आड. काळ्या दगडात खोदलेला, अरुंद आणि खोल. त्याच्या तोंडावर किती तरी वर्षं फळ्या टाकलेल्या होत्या. फळ्यांच्या फटींतून पाला पडत होता आणि आत कुजत होता. गाळ काढला तर खाली झरा लागेल, असं जुनी माणसं सांगत. आड इतका अरुंद की धिप्पाड माणसाला आत फावडं चालवता येईना. गुंडप्पा अंगाने काटकुळा. तो म्हणाला, मी उतरतो.

आमच्याकडे जुन्या आडात माणूस उतरायच्या आधी कंदील उतरवण्याची रीत आहे. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर उतरत नाही. एवढी साधी रीत. पण त्या दिवशी नेमकी ती साधी राहिली नाही. पाण्याचं काम म्हणून नागुबाईंनी आडाची पूजा मांडली. नागुबाई गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई. त्यांनी पाण्यातल्या आसरांची, म्हणजे जलदेवतांची, ओटी भरली, नारळ फोडला, आणि माझ्या टोपीलाही हळदकुंकू लावलं. झालं. सकाळपर्यंत मी कंदील होतो, आता देवाचा दिवा झालो. आणि पूजेचा दिवा विझणं म्हणजे अपशकुन. 'विझला' हा शब्दसुद्धा आमच्याकडे तोंडातून काढत नाहीत, 'शांत झाला' म्हणतात.

दोर सटवाजींच्या हातात होता. विहिरीच्या कामात मुरलेला माणूस. त्यांनी मला हळूहळू खाली सोडलं. वरचा भाग मजेत गेला. दगडांच्या सांदीतून पारवे उडाले. मग अर्ध्यावर आलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. ज्योत पिवळी पडली, लांबट झाली, डोलायला लागली. चकतीच्या भोकांतून हवा येत होती, पण तिच्यात जीव नव्हता.

तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढे शाळेत राहायला गेल्यावर ऐकलं, ते इथेच सांगून टाकतो. आपल्या हवेचे शंभर वाटे केले तर त्यातले अठ्ठ्याहत्तर नायट्रोजनचे असतात. तो बिचारा ना मला जळायला कामाचा, ना तुम्हाला श्वासाला. एकवीस वाटे ऑक्सिजनचे. त्यावर मी जळतो आणि तुम्ही जगता. उरलेला एक वाटा बहुतेक सगळा आरगॉन नावाच्या आळशी वायूचा, जो कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. कार्बन डायऑक्साइड तर चिमूटभर. शिवाय वाफ, ती कधी जास्त, कधी कमी. दुष्काळात तर विचारूच नका. हे सगळे वायू वाऱ्याने सारखे ढवळले जातात, म्हणून उघड्यावर कुठेही गेलात तरी हवेचं माप जवळजवळ तेच राहतं. पण बंद आडात वारा कुठून येणार? पाला कुजताना आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो साध्या हवेपेक्षा जड. तळाशी जाऊन बसतो, डबक्यातल्या पाण्यासारखा. फरक इतकाच की डबकं दिसतं आणि हा दिसत नाही. वासही येत नाही.

वरून सटवाजींनी माझी ज्योत लवताना पाहिली. त्यांनी एकदा नागुबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जोडलेल्या हातांकडे पाहिलं, आणि दोर तिथेच धरला. पुढे सोडलाच नाही. थोडा वेळ थांबून म्हणाले, दिवा जळून राहिला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. गुंडप्पा कमरेला दोर बांधायला लागला.

मित्रांनो, मी तुमच्यासारखा बोलत नाही. माझ्याजवळ एकच शब्द आहे, तो म्हणजे विझणं. तळाशी जाऊन मी तो बोललो असतो. पण मला अर्ध्यावर लटकवून त्यांनी तोच माझ्या तोंडातून काढून घेतला. वाईट हेतूने नव्हे, हे मी शंभर वेळा सांगेन. सगळ्या गावाचं पाणी त्या आडात होतं, त्यांना अपशकुन बघवणार नव्हता. आणि आता माझ्यावर विश्वास ठेवून एक माणूस खाली येणार होता.

तेवढ्यात महानंदा काठाशी आली. तिने खाली वाकून पाहिलं. रोज माझी काच पुसणाऱ्या बाईला माझा दोर किती खाली आहे एवढं कळणार नाही का? तिने सटवाजींना विचारलं, बाकीचा दोर कामून धरून ठेवलाय? नागुबाई म्हणाल्या, "कुकू लावलेला दिवा हाय पोरी. शांत झाला तर आसरा कोपतील. पाणी लागायचं न्हाई."

महानंदा त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. आताही तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, मगच तोंड उघडलं.

"आजी, दिवा शांत झाला तर काडी ओढून मी पुन्हा लावते. माझा गुंडू काडीनं लागतो का, ते सांगा."

गुंडप्पाचा हात कमरेच्या गाठीवरच राहिला. महानंदाने सटवाजींच्या हातातून दोर घेतला, घेतला म्हणण्यापेक्षा त्यांनीच तो दिला, आणि मला खाली सोडलं. दोन हात गेलो असेन. ज्योत एकदा वर उडाली आणि मी विझलो.

नागुबाई तोंडाला पदर लावून मटकन खाली बसल्या. आसरांनी पाणी नाकारलं, असंच सगळ्यांना वाटलं. गुंडप्पा आडाच्या तोंडापासून दोन पावलं मागे सरला आणि वहिनीकडे बघतच राहिला.

पण पाणी तर हवंच होतं. तहान काही शकुन-अपशकुन बघत नाही. सटवाजींनी दोर पुन्हा हातात घेऊन मला वर काढलं. मग म्हणाले, नांदेडकडं असल्या आडात आम्ही फांद्या हलवायचो. पाणी शिंपडूनही हवा हलते, पण पाणी असतं तर आडापाशी कोण आलं असतं? लोकांनी लिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधला. तो तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा, पुन्हा सोडायचा. ताक घुसळतात तसं. एक दमला की दुसरा. बायकाही पुढे आल्या. दुसऱ्या दोराला कुणी घोंगडी बांधली. खालची जड हवा हलायला लागली आणि वरची तिच्यात मिसळायला लागली.

मधून मधून मला उतरवायचे. मी विझायचो. वर यायचो. महानंदा काडी ओढायची. पहिल्या एक-दोन वेळा लोकांनी नजर फिरवली. मग पोरं अंदाज बांधू लागली, आता कुठवर जाईल म्हणून. मग मोठी माणसंही. आणि कोण जाणे कधी, नागुबाई उठून काठाशी येऊन बसल्या होत्या. मी पुन्हा एकदा विझलो तेव्हा त्या शेजारणीला सांगत होत्या, "मघापेक्षा चार हात जास्त गेला बघ."

अपशकुनाचं माप झालं होतं, मित्रांनो. त्या दिवशी त्या आडाच्या काठी घडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, असं मला आजही वाटतं.

उन्हं कलायच्या आत मी तळाला टेकलो आणि जळत राहिलो. कुजलेला पाला दिसला, एक फुटकी घागर दिसली. मला बराच वेळ तिथेच ठेवलं, पक्की खात्री करायला. मग गुंडप्पा उतरला. मी त्याच्या खांद्याजवळ लटकत होतो. वरून महानंदाची ताकीद होती: गाणं म्हण, शिव्या दे, काय वाट्टेल ते कर, पण बोलत राहा. आवाज थांबला की ओढून घेणार.

"वैनी," आडातून घुमत आवाज आला, "काल पिठल्यात मीठ न्हवतं."

"वर ये," ती म्हणाली, "मग बघते तुझ्या मिठाकडं."

पुढचे कितीतरी दिवस गाळ निघत राहिला. रोज फांद्या, रोज मी, मग गुंडप्पा. शेवटी दगडाच्या फटीतून ओल दिसली, ओलीची धार झाली. धार कसली, करंगळीएवढी. पण घरटी एक घागर मिळायला लागली. दुष्काळात घागर म्हणजे चैन होती.

काही वर्षं माझा मान होता. मग गावात वीज आली आणि मी माळ्यावर गेलो. रागावलो नाही. बल्ब बिनहवेचा जळतो, त्याला बिचाऱ्याला हवेची चव काय कळणार, एवढंच मनात म्हणालो. माझ्या काचेत कोळ्याने संसार थाटला. अशातच लातूर जिल्हा वेगळा झाला. शाळेच्या पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून त्यावर 'जिल्हा लातूर' असं रंगवलं गेलं, आणि नव्या पाटीबरोबर नव्या बाई आल्या. लताबाई, नांदेडच्या. विज्ञान शिकवायच्या. प्रयोगाला कंदील हवा म्हणून त्यांनी गावात विचारलं, आणि गुंडप्पाने मला माळ्यावरून काढून, राखेने पुसून, शाळेत नेऊन दिलं. आडाची हकीकतही सांगितली, मिठासकट.

म्हातारपणी शिक्षण सुरू झालं माझं. लताबाई सांगत, पृथ्वी नवी होती तेव्हा तिच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. ज्वालामुखी धुमसायचे, त्यांतून वाफ, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन बाहेर पडायचे. आपल्या मराठवाड्याचा काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण ही गोष्ट त्याच्याही फार फार आधीची. वाफेचा पाऊस झाला, पावसाचे समुद्र झाले. समुद्रात शेवाळासारखे इवले जीव आले आणि उन्हावर जगता जगता ऑक्सिजन सोडायला लागले. सुरुवातीचा बराचसा ऑक्सिजन पाण्यातल्या लोखंडाला गंजवण्यातच गेला. मग कुठे तो हवेत साठायला लागला. तेव्हापासून माझ्या बुडाच्या गंजाची मला लाज वाटत नाही. फार जुनं घराणं आहे त्याचं.

एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, कंदील खाली आडात शांत झाला. मग वर आभाळात नेला तर?"

"तिथंही विझेल," लताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फळ्यावर पृथ्वी काढून तिच्याभोवती रेघा ओढल्या. सगळ्यांत खालचा थर तपांबर, आपल्या डोक्यावर पंधरा-सोळा किलोमीटर. ढग, पाऊस, वारा सगळं याच्यातच. त्यावर स्थितांबर, त्यात ओझोनची चादर, उन्हातले घातक किरण अडवणारी. त्यावर मध्यांबर, जिथे बहुतेक उल्का जळून जातात. त्याच्याही वर हवा विरळ विरळ होत संपते, कुठे संपली ते सांगता येत नाही. जसजसं वर जावं तसतशी हवा विरळ. तपांबराच्या माथ्यापर्यंतही माझा टिकाव लागणार नाही.

म्हणजे बघा, खाली बंद आडात मी विझतो आणि वर आभाळातही विझतो. मधल्या पातळशा पट्ट्यात तेवढा जळतो. तुम्हीही तिथेच जगता. आपलं गाव एकच आहे, मित्रांनो.

आता माझं मागणं. जुन्या आडात, टाकीत, खड्ड्यात कुणालाही नुसतं उतरू देऊ नका. माझ्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका. काही विषारी वायू मला कळत नाहीत, आणि काही तर माझ्या ज्योतीने पेट घेतात. आता हवा मोजायची यंत्रं आहेत, जाणती माणसं आहेत, त्यांना बोलवा. कुणी आत पडलंच, तर मायेपोटी त्याच्यामागे उडी घेऊ नका.

आणि दुसरं. आपण तेल-कोळसा जाळून तो चिमूटभर कार्बन डायऑक्साइड वाढवत चाललो आहोत. मीही जन्मभर रॉकेल जाळलं, माझाही त्यात वाटा आहे. कुणी येऊन सांगेल की हवा बिघडते आहे. ऐकायला अपशकुनी वाटेल. तरी त्याचा दोर अर्ध्यावर धरू नका. त्याला तळापर्यंत जाऊ द्या, काय सांगायचं ते सांगू द्या. मग फांद्या हातात घ्या. दमलात की शेजारच्याला द्या.

हवा हलते, मित्रांनो. मी खाली जाऊन पाहून आलो आहे.