हा टीव्ही या घरातला नाही

अण्णांनी रिमोट तळहातावर दोनदा आपटला, सेल काढून त्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा तेच बटण दाबलं. पडद्यावरची पाटी जागची हलली नाही.

"वाच तरी काय लिहिलंय," पलंगावरून ताई म्हणाली. ती त्यांची थोरली बहीण. भावजय गेल्यावर चार दिवस सोबतीला म्हणून आली आणि राहिलीच.

"'हा टीव्ही या खात्याच्या घरातला दिसत नाही,'" अण्णांनी चष्मा वर सरकवून वाचलं. "'एक खातं फक्त एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे.' खाली दोन चौकोन आहेत. नवीन खातं उघडा, नाहीतर खातेदाराला कोड पाठवा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कंपनीचा नवा नियम. खातं ठकीचं, आणि इथे बसून आपण बघतो, ते त्यांच्या डोळ्यांत खुपलं. आता कोण कुणाच्या घरातलं, तेही कंपनीच ठरवणार!"

ताईच्या विणकामाच्या सुया चालूच होत्या. "मग खोटं काय बोलली कंपनी?"

अण्णांनी रिमोट खाली ठेवला.

ठकी म्हणजे त्यांची एकुलती लेक. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची, म्हणून ठकी. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली तेव्हा जाताना तिनेच हा टीव्ही लावून दिला, आपलं खातं त्यात घातलं आणि पडद्यावर दोन चेहरे तयार केले: एकाखाली 'आई-बाबा', दुसऱ्याखाली 'ठकी'. बापलेकीचं सगळं प्रेम वादातच होतं. अण्णांनी उभा जन्म रंगाच्या कारखान्यात काढला, त्यामुळे सिनेमा लागला की पहिली तक्रार रंगांची. "हल्ली सगळं निळंच का दिसतं? जगातला पिवळा रंग संपला का?" मग ठकी बाह्या सरसावायची. नट, गाणी, फोन, कुठल्या कंपनीने काय महाग केलं, वादाला काहीही चालायचं. ताटातलं गार होई. शेवटी ठकीची आई म्हणे, "दोघंही जिंकलात, आता जेवा."

ती गेली आणि घरातला पंच गेला. ठकी आली होती. तिच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे आईसाठी तीन दिवसांची रजा. चौथ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून, कानाला हेडफोन लावून कुणा गिऱ्हाइकाची तक्रार सोडवत बसली होती. अण्णांनी दारात उभं राहून सगळ्यांदेखत विचारलं, "आईसाठी रडायलाही कंपनीची परवानगी लागते का गं?"

ठकीने वर पाहिलं. "नोकरी गेली तर तुम्ही पोसणार आहात का मला?"

"नवरा आहे की तुझा."

तिने लॅपटॉप मिटला. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. त्यानंतर वर्षातून एकदा, आई गेली त्या तारखेला, एका ओळीचा मेसेज यायचा. अण्णा एका ओळीचं उत्तर द्यायचे. ते लिहायला त्यांना अख्खा दिवस लागायचा.

मग एकदा चुकून त्यांच्या हातून पडद्यावरचा दुसरा चेहरा दाबला गेला. ठकीने अर्धवट सोडलेल्या सिनेमांची रांगच समोर आली. कुठला कुठे थांबलाय, त्याची लाल रेघही होती. अण्णा बराच वेळ नुसते बघत बसले. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते तो चेहरा उघडत. रेघ पुढे सरकलेली असली की जेवण नीट जाई. एकाच ठिकाणी बरेच दिवस अडकली की म्हणत, "बरं नाही वाटतं तिला."

"दुसऱ्याची पत्रं फोडण्यातलाच प्रकार आहे हा," ताई म्हणायची.

"फोडतोय कुठे? पाकीट बघतो नुसतं."

पण तिने पाहिलेलं सगळं ते 'आई-बाबा' या चेहऱ्यावर जाऊन पाहत, मन लावून. कुठे शेवट फसला, कुठे नायिका उगाच रडली, सगळे मुद्दे मनात तयार ठेवत. वाद घालायला समोर कोणी नव्हतं, एवढंच.

आणि गेल्या काही महिन्यांत त्या रांगेत एक कार्टून आलं. एक विसरभोळं अस्वल आणि त्याचं शेजारी बदक. अगदी तान्ह्यांसाठी काढलेलं. तेच तेच भाग, पुन्हा पुन्हा.

"घरात मूल आहे," ताईने निकाल दिला. "मोठं माणूस एकच गोष्ट इतक्यांदा बघत नाही."

"आपल्याला कळवलं नसतं?"

"तू कळवण्यासारखं ठेवलंयस काही?"

अण्णांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ताईने बाजारातून लोकर मागवली. मुलगा की मुलगी माहीत नाही, म्हणून पिवळी. अण्णा स्वतः गेले आणि छटा पसंत पडेपर्यंत दुकानदाराला हैराण करून आले. अस्वलाचे सगळे भाग त्यांनी पाहिले. नातवंडाला काय आवडतं ते माहीत असलेलं बरं.

आणि आता ही पाटी.

"कोड मागव," ताई म्हणाली.

"तिला कळेल की आपण अजून तिच्या खात्यावर बघतो."

"कळू दे."

"म्हणेल, बापाला बोलायला तोंड नाही, पण फुकटचं बघायला डोळे आहेत."

"म्हणू दे. काही म्हणेल तरी."

अण्णांनी रिमोट उचलला, एकदा ताईकडे पाहिलं आणि दुसरा चौकोन दाबला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. ते उठून खिडकीशी गेले, परत आले, उगाच उशी झटकली. तेवढ्यात फोन वाजला. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई, म्हणून त्यांनी सवयीने स्पीकर लावला.

"बाबा?"

"हं."

"कोड तुम्ही मागितला का? मला वाटलं कुणी चोर शिरला."

"मीच. कंपनी म्हणते आम्ही तुझ्या घरातले नाही."

"कंपन्यांचं काय घेऊन बसलात. तुम्ही बरे आहात ना? आत्या?"

"आहे. इथेच आहे."

ताईने हातांनी पाळणा हलवल्यासारखं केलं आणि डोळे मोठे केले, विचार म्हणून. अण्णांनी घसा साफ केला.

"बाळ कसं आहे?"

"कुणाचं?"

"तुझं. ते अस्वल-बदक लागतं ना रोज. आम्ही... दिसतं आम्हाला, तू काय लावलंस ते. ताई म्हणाली, मूल असणार."

फोन बंद झाला की काय म्हणून अण्णांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"बाळ नाहीये, बाबा. ते मीच बघते."

"तू?"

"त्यात कुणाला काही होत नाही. अस्वल टोपी हरवतं, बदक शोधून देतं. संपलं. दुसरं काहीही लावा, कुणीतरी मरतं, नाहीतर कुणी कुणाला सोडून जातं. मग रात्र रात्र झोप लागत नाही."

ताईने विणकामातून सुया अलगद काढून घेतल्या. छोटासा मोजा मोकळा होऊन तिच्या मांडीवर पडला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. भांडं ठेवल्याचा आवाज मात्र आला नाही.

"आणि जावईबापू?" अण्णांनी विचारलं.

"मी राहत नाही तिथे. चार वर्षं होऊन गेली." ती सांभाळून बोलत होती, गिऱ्हाइकांशी बोलत असेल तशी. "आई गेली तेव्हाच आमचं मोडलेलं होतं. चौथ्या दिवशी मी काम घेऊन बसले ना, तेव्हा त्या नोकरीशिवाय माझ्यापाशी काही उरलं नव्हतं."

अण्णा हळूच खुर्चीत बसले.

"तिला माहीत होतं?"

"आईला? हो."

"मला नाही बोलली ती."

"मीच नको म्हटलं होतं. तुम्ही तेव्हा आजारी होतात ना. आधी तुम्हाला बरं वाटू दे, मग सांगू, असं ठरलं होतं आमचं. पण त्याआधी तीच..."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. अण्णांच्या मनात इतक्या वर्षांची वाक्यं साठलेली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. त्यांनी पंजाने गुडघा चोळला.

"ते बदक मला पटत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"बदक. सारखं दुसऱ्याच्या टोप्या शोधत हिंडतं. त्याला स्वतःचा कामधंदा नाही?"

"दुकान आहे त्याचं, बाबा. छत्र्यांचं. दाखवलंय की."

"बघितलं मी. एक गिऱ्हाईक येत नाही. चालतं कसं ते दुकान?"

"तुम्ही... तुम्ही बसून बघितलंत ते सगळं?"

"शेवटपर्यंत. रंग बरे आहेत. पिवळा आहे त्यात."

ती हसली. हसता हसता तो आवाज भलतीकडे वळला आणि मग ठकी रडू लागली. आधी दाबून, मग न दाबता. आई गेली त्या दिवसांत अण्णांनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी 'उगी' म्हटलं नाही. फोन दोन्ही हातांत धरून ते ऐकत राहिले. काही वेळाने तिने नाक ओढलं.

"ठेवू का?"

"नको ठेवूस. बोलली नाहीस तरी चालेल." ते खुर्चीत मागे रेलले. "लाव ते अस्वल तिकडे. मी ऐकतो."

"नुसतं ऐकून काय कळणार तुम्हाला?"

"मला पाठ आहे सगळं."

खुडबुड ऐकू आली. उशी ओढल्याची, पांघरुणाची. मग ते खुळं, गोड संगीत सुरू झालं. रिकाम्या खोलीत घुमतं तसं. अस्वल काहीतरी पुटपुटलं. अण्णा मधूनच म्हणत, "आता बाकाखाली बघेल." पलीकडून येई, "हं." पुढे पुढे तो "हं" लांबत गेला. एक भाग संपला, दुसरा आपोआप सुरू झाला. त्यातही अस्वलाची टोपी हरवली, तेव्हा अण्णांनी काहीतरी म्हटलं. त्यावर मात्र उत्तर आलं नाही. संगीताच्या खालून फक्त श्वास ऐकू येत होता, संथ, जड.

ताई पदराला हात पुसत दारात आली.

"काय म्हणाली?"

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. फोनच्या कोपऱ्यात बॅटरीची रेघ लाल झाली होती.

"चार्जर आण," ते नुसत्या ओठांनी म्हणाले.