राउटरचा मान

आमच्या भातखरेदी संघानं अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर घेतले, तेही घाऊकच. पेणच्या कचेरीत टेबलं कमी पडली, रोह्याला काही यंत्रं बारदानाच्या थप्पीवर बसली. मग ती सगळी एकमेकांशी जोडायचं ठरलं. दोन्ही गावांत एकेक राउटर बसवायचा आणि मधे टेलिफोन खात्याची लाइन घ्यायची.

यात माझ्या सुनेचा, सुरभीचा जीव अडकला होता. ती संघात कॉम्प्युटरवर कामाला. आम्ही निडीचे. रोहा आम्हांला पुढचंच स्टेशन, गाडीचं शेवटचं, पण रोह्याचा हिशेबही पेणला बसून भरावा लागे. अंगावरचं पोर सासूकडे टाकून ती रोज पेणला जाई. जोडणी झाली की रोह्यातूनच काम होणार होतं, दुपारी पोराला जवळ घेता येणार होतं.

निवडीच्या सभेला मी संचालक म्हणून बसलो होतो. अलिबागहून राउटर विकणारा इंजिनियर आला होता, सुजय. त्यानं समजावलं, खाडीच्या बांधाला दाराची उघाडी असते, कुठलं पाणी कुठं सोडायचं ते तिच्या हाती, तसंच हे. पेणला यंत्रं जास्त, तिथं मोठा राउटर. रोह्याला धाकटा पुरेल.

"धाकटा?" रोह्याचे हैबतराव म्हणाले. "संघाच्या हंगामाचा नारळ एक साल पेणला फुटतो, एक साल रोह्याला. आजवर आमाला धाकटा कुनी म्हटला नाय."

"काका, हा नुसता डबा आहे. कपाटात राहणार."

"कपाटात कशाला? दसऱ्याला हार घालनार ना? लोकं बघनार."

मी म्हटलं, "उघाडी लहान म्हणून शेत कधी रुसलंय काय, हैबतराव?"

"तुमच्या उघाडीला हार घालतो काय कुनी?"

अध्यक्ष दाजी पेणचे. ते गालात हसत म्हणाले, "राहू दे धाकटा. गाडीसुद्धा रोह्याला पोचेस्तोवर रिकामीच होते."

"रिकामी व्हते, कारन तिथून सुटायची असते."

सुजयनं दोन मोठे राउटर लिहून घेतले. विकणाऱ्याला त्यात वाईट वाटायचं कारण नव्हतं.

राउटर आले. हैबतरावांनी दोन्हींची लांबीरुंदी सुतळीनं मापून खात्री केली. एकाच मुहूर्तावर दोन्हीकडे नारळ फुटला. राहिला लाइनीचा अर्ज. सुजयनं विचारलं, "लाइन पेण ते रोहा लिहू, की रोहा ते पेण? फरक काहीच पडत नाही."

"फरक पडत नसेल तर पेण आधी लिहा," दाजी म्हणाले.

"फरक पडत नसेल तर रोहा आधी लिवा," हैबतराव म्हणाले.

गणपती गेले, शिमगा आला, अर्ज तिथंच. दोन्हीकडचे राउटर हार घालून लुकलुकत होते आणि दोन्ही कचेऱ्या आपापल्याशीच बोलत होत्या. शेवटी सभेनं तोड काढली. लाइन येईपर्यंत हिशेब फ्लॉपीवर न्यायचा. एक दिवस पेणहून रोह्याला, दुसऱ्या दिवशी रोह्याहून पेणला. मान सारखा. नेणार कोण? ज्याला त्यातलं कळतं तो. सुरभीला आत बोलावलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे आता मी दोन्हीकडं जायचं?"

"व्हय गो," हैबतराव म्हणाले. "तुज्याशिवाय संघ चालायचा नाय."

"आनि निडीला उतरायचं कधी?"

दाजींनी हैबतरावांकडे पाहिलं, हैबतरावांनी दाजींकडे. त्या वर्षात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"ते पुढच्या सभेत घेऊ," दाजी म्हणाले, आणि हैबतरावांनी मान डोलावली.