सीटखालची जागा

मी एक जुनी बॅटरी आहे. पण मित्रांनो, मला जुनी म्हणायचा हक्क फक्त मलाच! दुसरं कुणी म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारखान्यात माझा जन्म झाला. आत शिशाच्या पट्ट्या आणि आम्लाचं पाणी, वर दोन खुंट, एक धन आणि एक ऋण. एवढाच माझा संसार. तिथून मी एका घरगाडीत आले. घरगाडी म्हणजे पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर सगळं पोटात घेऊन फिरणारी मोटार. ती रंगारीकाका आणि काकूंची होती. काकांनी जन्मभर लोकांची घरं रंगवली आणि म्हातारपणी हे चाकांवरचं घर घेतलं.

गाडीत आम्ही दोघी. इंजिनाशेजारी राहायची ती इंजिन सुरू करणारी बॅटरी. तिला मी थोरल्या जाऊबाई म्हणायचे. सकाळी एकदा जोर लावला की बाईसाहेबांचं दिवसभराचं काम संपलं. तरी इंजिन चालताना डायनॅमोत तयार होणारी वीज आधी तिलाच! तिचं पोट भरलं की मग उरलीसुरली माझ्याकडे. दिवे मी लावायचे, पंखा मी फिरवायचे, नळाला पाणी मी आणायचे. आणि कौतुक कुणाचं? "बघ, कशी एका झटक्यात सुरू झाली!" मला इतका राग यायचा म्हणून सांगू!

पण एक गोष्ट तिच्याकडे नव्हती. काकूंना साखरेचा आजार होता. त्यांचं इन्सुलिन थंड ठेवावं लागायचं, नाहीतर ते वाया जायचं. तो छोटा फ्रिज माझ्या जिवावर चालायचा. काकूंच्या सीटखाली माझी जागा होती. महिन्यातून एकदा सीट उचलून काकू माझ्यात पाणी घालायच्या, खुंटांवरचा पांढरा थर जुन्या टूथब्रशने घासून काढायच्या आणि म्हणायच्या, "ही आहे म्हणून मी घराबाहेर पडते हो." अशा दिवशी जाऊबाईंकडे मी बघतसुद्धा नसे.

पाच वर्षं अशी गेली. मग काकूंच्या लेकीला बाळ होणार असं कळलं. लेक सहा दिवसांच्या रस्त्यावर राहायची आणि तिला आई जवळ हवी होती. निघायच्या आधी काकांचे हात शिवशिवायला लागले. आधी त्यांनी गाडी बाहेरून रंगवली. मग गंज लागू नये म्हणून गाडीखाली आडवे पडून लोखंडी सांगाडाही रंगवला. काम अर्धवट करायची सवयच नाही त्यांना. एकेक बोल्ट काढला, खाली रंगाचे दोन हात दिले, सुकू दिलं आणि बोल्ट पुन्हा घट्ट पिळले. त्यातल्या एका बोल्टला माझ्या ऋण खुंटाची काळी तार जोडलेली होती. डायनॅमोची वीज मला भरून त्या तारेने सांगाड्यात उतरते आणि परत जाते. रंगातून ती जाणार कशी? फ्रिजच्या दोन्ही तारा मात्र थेट माझ्या खुंटांना, म्हणून माझ्या पोटातली वीज जात राहणार आणि नवी येणारच नाही. काकांना हे ठाऊक नव्हतं आणि मला तोंड नव्हतं.

निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी फ्रिज थांबला. काकांनी माझे खुंट घासले, पाणी बघितलं, फ्यूज बदलला. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "दमली बिचारी. नवी घ्यायला हवी."

दमली? मी? मी उपाशी होते हो!

नवी आली. निळी, चकचकीत, उचलायला कडी असलेली. तिला पाणीसुद्धा घालावं लागत नाही म्हणे! काकूंनी स्वतःच्या ओढणीने ती पुसली. "अगं बाई, किती छान आहे!" माझी रवानगी मागच्या पेटीत, जॅक आणि जुन्या टायरच्या शेजारी झाली. त्या पेटीत मी मनातल्या मनात एकच घोकत होते, बंद पड, बंद पड मेली.

ती दुकानातून पोट भरून आली होती, म्हणून दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनेही मान टाकली. मित्रांनो, खोटं का बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तेवढ्यात काकूंचा आवाज आला. "बाटली गरम झालीय. हे औषध गेलं."

"दुसरं घेऊ, बर्फात ठेवू," काका म्हणाले.

"बर्फाला लागून गोठलं तरी वायाच की! राहू दे आता. परत फिरा. लेकीला मी सांगते, तुझी आई काही येत नाही म्हणून."

काकू नाक ओढत होत्या, ते मला पेटीत ऐकू येत होतं. माझी मलाच लाज वाटली. आणि खरं सांगते, लाज वाटली तरी जळणं काही थांबलं नाही.

काकांनी परत फिरायच्या आधी गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे वायरिंग करणाऱ्या एक ताई होत्या. सगळं ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या. "जुनीही मेली आणि नवीही मेली? जुनी कुठंय? आणा बघू इकडे."

त्यांनी मला टेबलावर ठेवून भिंतीतल्या विजेवर लावलं. किती दिवसांनी जेवले! संध्याकाळपर्यंत भरले, मग ताईंनी माझ्यावर मोठा दिवा जोडला. मी तो जीव लावून पेटता ठेवला. माझं मन म्हणत होतं, आता मीच परत सीटखाली जाणार.

"ही तर ठणठणीत आहे," ताई म्हणाल्या. "दोष बॅटरीत नाहीच मुळी."

मी निर्दोष ठरले, आणि त्याच वाक्यात ती निळीही निर्दोष ठरली.

ताईंनी गाडी सुरू करायला लावली. मीटरची एक टोकदार तार निळीच्या ऋण खुंटाला, दुसरी इंजिनाच्या अंगाला लावली आणि मधली वाट तुटल्याचं ओळखलं. मग त्या गाडीखाली गेल्या, बोल्ट काढला आणि हसायलाच लागल्या. "काका, रंग अगदी नंबर एक आहे हो! पण इथे नको होता."

काकांनी जीभ चावली. ताईंनी कानशीने रंग खरवडला, लोखंड चमकलं, तार पुन्हा आवळली. फ्रिज घूं करून सुरू झाला. नुकतीच घेतलेली औषधाची नवी बाटली आत ठेवून काकू टाळ्या वाजवत म्हणाल्या, "चला चला, लेक वाट बघतेय!"

"दोन्ही जोडू का?" काकांनी विचारलं.

"नको. जुनी नवीला खाली ओढते. ही मला द्या, तपासणीच्या कामाला येईल."

"घ्या की," काका म्हणाले. घ्या की! पाच वर्षांची सोबत दोन शब्दांत संपली.

आता मी ताईंच्या टेबलावर असते. कुणाची गाडी वीज भरत नसली की आधी मला जोडून बघतात. मित्रांनो, तुमच्या घरातलं काही थकल्यासारखं वाटलं, तर ते टाकून देण्याआधी त्याला पोटभर मिळतंय का ते बघा. तारा बघा, बोल्ट बघा.

त्या दिवशी निघताना काकूंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. नवी बाटली थंड होती, लेक भेटणार होती, त्यांना आणखी काय हवं होतं? मलाही तेच हवं होतं. फक्त ते माझ्यामुळे व्हायला हवं होतं.