बारा तासांची गोळी

मित्रांनो, मी चिनी मातीचा खल. आता पार म्हातारा झालो आहे, काठावर एक टवकाही उडाला आहे. माझ्या पोटात बत्ता फिरवून औषधांची पूड करायची, एवढंच मला येतं.

माझी उमेदीची वर्षं एका दवाखान्यात गेली. तिथल्या कंपाउंडर बाई गोळ्या घोटून पुड्या बांधायच्या आणि संध्याकाळी मला उकळत्या पाण्याने धुवायच्या. डॉक्टर म्हणायचे, "बाईंच्या हातची पूड पटकन लागू पडते." ते ऐकून माझ्या चिनी मातीच्या अंगावरही मूठभर मांस चढायचं.

पुढे तयार औषधं आली आणि मी कपाटात धूळ खात पडलो. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मला घरी घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूमुळे गिळता येईना. दोन वर्षं त्यांच्या गोळ्या मी घोटल्या. नवी गोळी आली की बाई आधी औषधाच्या दुकानात विचारून यायच्या, "ही कुटली तर चालेल ना?" यजमान गेले आणि मी पुन्हा फळीवर.

बाईंचा मुलगा गिलावा करायचा. त्याने सारखी केलेली भिंत हाताला कुठे टोचायची नाही. एकदा परांचीची फळी निसटली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून वाळूच्या ढिगावर आदळला. कंबरेचं हाड मोडलं. दुखणं सोसवेना म्हणून डॉक्टरांनी कडक गोळी दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक. "आख्खी गिळायची. चावायची नाही, कुटायची नाही," असं त्यांनी त्याच्या बायकोला दोनदा बजावलं.

त्या गोळीने दुखणं पुरतं जात नव्हतं, पण दबून राहायचं. दोन महिन्यांनी तो हलक्या कामावर जाऊ लागला. एका सकाळी कंबर फार ठणकत होती आणि मुकादमाने लवकर बोलावलं होतं. बाई बाहेर गेल्या होत्या. त्याने मला फळीवरून काढलं आणि गोळी माझ्यात टाकली. लवकर उतार पडावा, एवढंच त्याच्या मनात होतं. मीही नेहमीसारखं मन लावून काम केलं.

थोड्याच वेळात त्याचा चेहरा सैल पडला. "आज वाटतंय, मला कंबरच नाही," तो बायकोला म्हणाला आणि हसला. पडल्यापासून तो हसला नव्हता, म्हणून तीही हसली.

दुसऱ्या दिवशी कंबर तेवढी दुखत नव्हती. तरी त्याने मला काढलं. मग रोजच. महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपू लागल्या, मग बारा दिवसांत. कामावर खाडे पडू लागले.

"दुखतंय का?" बायकोने एकदा विचारलं.

"नाही."

"मग कशाला घेता?"

बत्ता थांबला नाही.

शेवटी बाईंनी माझ्या तळाशी पांढरा थर पाहिला. त्यावर बोट फिरवलं आणि मुलाला हाक मारली.

"आई, गोळी तीच आहे. डॉक्टरांनीच दिलेली," तो म्हणाला.

"तीच आहे. पण ती बारा तास हळूहळू झिरपावी अशी बनवलेली असते. तू ती फोडलीस की सगळं औषध एकदम डोक्यात चढतं. हळू आलेलं डोक्याला फारसं कळत नाही रे. असा दणका बसला की ते लक्षात ठेवतं आणि पुन्हा मागत बसतं."

"सोडतो मी."

"एकट्याने नाही सुटायचं. उद्या दवाखान्यात जाऊ."

तो उद्या आलाच नाही. बाईंनी मला पेटीत लपवलं, तर त्याने थापीच्या दांड्याने गोळ्या फोडल्या. आठवड्याभरात एका दुपारी बायकोला तो भिंतीला टेकून बसलेला दिसला. ओठ निळे, श्वास जेमतेम. शेजारच्या टेम्पोवाल्याने वेळेवर नेलं म्हणून वाचला.

आता तो रोज सकाळी व्यसनमुक्ती केंद्रात जातो. तिथल्या नर्स त्याला समोर बसवून औषध पाजतात. ते हळू चढतं, हळू उतरतं, आणि त्याने हसू येत नाही. हात थरथरतो म्हणून मुकादम त्याला भिंत देत नाही, वाळू चाळायला बसवतो. तो झोपला की बायको त्याच्या नाकाशी बोट धरून बघते.

मित्रांनो, पटकन लागू पडणं हा गुणच, असं मी जन्मभर समजत आलो. तुमच्या घरी कुणाची गोळी असेल तर ती विचारल्याशिवाय फोडू नका, कुणाला फोडू देऊ नका. आणि कुणी फोडताना दिसलं तर गप्प बसू नका. मला बोलता आलं नाही, तुम्हाला येतं.

काल तो माझ्या पेटीपाशी आला. कडीला हात लावला. मग हात मागे घेतला.

"आई," तो म्हणाला, "खल या पेटीत आहे, कळलंय मला. दुसरीकडे हलव. कुठे, ते मला सांगू नकोस."