औशाचा दमलेला भाता

मित्रांनो, मी भाता. बाण ठेवायचा नव्हे, तो मान राजेलोकांच्या पाठीवरचा. मी लोहाराचा भाता, बोकडाच्या कातड्याच्या दोन पिशव्या जोडून शिवलेला, आणि खरं सांगायचं तर पार थकलेला. उभा जन्म दुसऱ्याच्या विस्तवावर फुंकर घालण्यात गेला. माझी गोष्ट ऐकायची असेल तर जरा जवळ सरका, कारण मोठ्यानं बोलण्याइतका वारा आता माझ्यात उरलेला नाही.

औसा गावच्या धोंडप्पा लोहारांच्या वडिलांनी मला शिवलं. तरवडाच्या सालीच्या पाण्यात कातडं मुरवलं, तोंडाशी लोखंडी नळी बसवली आणि करडीचं तेल पोटभर पाजलं. एक पिशवी दाबली की दुसरी फुगायची, त्यामुळं विस्तवाचा वारा कधी खंडायचा नाही. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ असं कितीतरी माझ्या वाऱ्यावर लाल झालं. पेरणीच्या तोंडावर तर भट्टीपुढं माणसांची रीघ लागायची. त्यातला एखादा म्हातारा माझ्याकडं बघून म्हणायचा की भाता असावा तर असा. तेवढ्यावर मी आठ दिवस फुगलेला असायचो.

मग विजेचा पंखा आला. बटण दाबलं की वारा, त्याला ना दम लागायचा ना तेल. मी खुंटीवर गेलो. धोंडप्पांच्या पत्नी साखराबाई मात्र मला विसरल्या नाहीत. दर खंडेनवमीला त्या मला खाली उतरवायच्या, धूळ पुसायच्या, उजव्या पिशवीच्या घडीवर ओल्या हळदीची पाच बोटं ओढायच्या, झेंडूचं फूल ठेवून हात जोडायच्या. तेल तेवढं बंद झालं. कामच नाही तर तेल कशाला, असं कुणी म्हटलं नाही, ते आपोआपच ठरलं. खोटं कशाला बोलू, मला तो मान आवडायचा. पण कातडं मानावर जगत नाही, मित्रांनो.

अशीच वर्षं चालली होती, तोच एक दिवस मालविका मॅडम आल्या. त्या नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचं एक बेट आहे, तिथं त्या एक उन्हाळा राहून आल्या होत्या. तिथली काही अभ्यासू मंडळी जुन्या काळची कामं जुन्याच रीतीनं पुन्हा करून बघतात. कुणी मातीची भांडी भाजतं, कुणी दगडातून तांबं काढतं. पुस्तकात वाचून कळत नाही ते हात भाजल्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. मॅडमना तसंच इकडं लोखंड काढून बघायचं होतं, थेट दगडातून.

धोंडप्पांचा जीव त्यात अडकला तो तेव्हापासून. आपले पूर्वज दगड वितळवून लोखंड काढायचे, हे त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, पण कधी पाहिलं नव्हतं. ते स्वतः जन्मभर ट्रकचे मोडके पाटे ठोकत आले. आता छातीत घरघर सुरू झाली होती. एकदा डोळ्यांदेखत दगडाचं लोखंड झालेलं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

मागच्या अंगणात दोघांनी कमरेइतकी मातीची भट्टी उभी केली. तेलंगणाच्या बाजूनं लाल-काळे जड दगड आणले, बाभळीचा कोळसा आणला. पहिल्या खेपेला विजेचा पंखा लावला. त्यानं असा काही सोसाट्याचा वारा घातला की कोळसा भराभर जळून गेला आणि हाती आली ती नुसती काळी मळी, दगडाचा वितळून थिजलेला गाळ. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. मग मॅडमची नजर खुंटीकडं गेली.

मला खाली काढलं तेव्हा आधी फुंकून बघूया, असं मॅडम म्हणाल्या. साखराबाई आडव्या आल्या. विस्तव नसताना भाता फुंकला की घरात कटकटी लागतात, ही त्या घरची जुनी समजूत. धोंडप्पांनीही मान डोलावली, आणि मोठ्यांचं मन कशाला मोडा म्हणून मॅडम गप्प बसल्या. त्यामुळं मी आतून किती वाळलोय ते कुणालाच कळलं नाही. मला कळत होतं, पण भात्याला कोण विचारतो?

सकाळी भट्टी पेटली. एका पिशवीवर धोंडप्पा, दुसरीवर मॅडम. कितीतरी वर्षांनी माझ्यात वारा शिरला. अंगातला सांधा न् सांधा दुखत होता, तरी मी फुंकत राहिलो. दुपार झाली, भट्टीच्या तोंडाशी पांढरी धग आली, आणि नेमकी तेव्हाच उजवी पिशवी फाटली. जिथं दर वर्षी ओली हळद लागून वाळत होती, तिथंच, त्याच घडीवर. भट्टीतल्या विस्तवाचा रंग उतरू लागला. आता थांबलं की आत सगळं थिजणार, हे तिघांनाही माहीत होतं.

साखराबाईंनी पदराची ओली घडी करून फाटीवर दाबली आणि दोन्ही हातांनी तशीच धरून ठेवली.

"ज्याला हात जोडले त्यालाच उपाशी ठेवलं म्या," त्या म्हणाल्या. "हळद लावत राहिले, पर तेलाचं बोट न्हाई लावलं."

ऊन कलेपर्यंत त्यांनी हात काढला नाही आणि मीही उरलासुरला वारा दिला. मग भट्टी फोडली. आतला लालभडक गोळा धोंडप्पांनी ऐरणीवर घेतला आणि घण घातला. अर्धा गोळा मळी होऊन गळून पडला. दुसऱ्या घावाला आणखी गळाला. शेवटी लिंबाएवढा तुकडा राहिला. त्यावर घाव पडला तेव्हा तो फुटला नाही, नुसता चपटा झाला.

"लोखंड हाय," धोंडप्पा म्हणाले. "जन्मभर भंगार ठोकलं मॅडम म्या. हे मातीतून आलंय." आणि ते तिथंच बसून रडले.

त्यानंतर मॅडमनी मला नांदेडला न्यायचं ठरवलं. कॉलेजात काचेच्या कपाटात ठेवणार होत्या. पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भट्टी लावायची तर नवा भाता हवा, आणि माझी शिवण घालणारे हात केव्हाच गेलेले. धोंडप्पांनाही ती येत नव्हती. एकच वाट होती, मला उसवून बघायची. मॅडमना ते सोसेना. हा शेवटचा आहे, उसवला की गेला, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

तेव्हा साखराबाई म्हणाल्या, "ताई, शिवण काचंतून दिसत न्हाई."

म्हणून आज मी अंगणात पोत्यावर पडलोय. शेजारी टोपलीत तरवडाची साल आहे, घमेल्यात नवं कातडं भिजतंय. साखराबाई एकेक टाका सोडवतात आणि मॅडम तो तसाच नव्या कातड्यावर घालून बघतात. पहिले दोन चुकले, तिसरा जमला. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी कामाची जुनी वस्तू असेल, किंवा एखादं थकलेलं माणूस असेल. त्याला हात जोडा, माझी ना नाही. पण आधी अंगावरून हात फिरवून बघा, कुठं कोरडं पडलंय का ते.

आता एकच टाका उरलाय. साखराबाईंनी सुई बाजूला ठेवली आणि माझ्या फाटलेल्या घडीवर तळहात टेकवला.

"दमलास रं लई," त्या म्हणाल्या. "सोड आता श्वास."