कॉलरखालचा ठिपका

"बघा, रक्त!" ताईत विकणारे बाबा ओरडले आणि माझ्या लॉन्ड्रीसमोर जमलेल्या शंभरेक माणसांचा श्वास अडकला. पेन्शनर काकांच्या सदऱ्याची कॉलर उलटून बाबांनी तीर्थ शिंपडलं होतं, आणि खाली लालभडक ठिपका उमटला होता. शिंप्याच्या सदऱ्यावरही तेच.

"ज्याच्या कॉलरला खूण, त्याच्या मानेवर सुरी! पलीकडच्यांची करणी आहे ही. ताईत बांधा!"

पलीकडचे म्हणजे रस्त्यापलीकडचे. दंगलीला अकरा वर्षं झाली, तरी आमच्याकडे 'पलीकडे' हा शब्द आवाज उतरवूनच म्हणतात. बाबांनी माझ्या फळीवरचा पलीकडचा एक सदरा ओढून त्यावरही तीर्थ शिंपडलं. तो कोराच राहिला. मग काय, पुरावाच मिळाला.

"कपड्यांना हात कोण लावतं इथे?" शिंपी म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना माझ्या इस्त्रीवाल्या मावशींकडे वळल्या. मावशी पलीकडच्या.

"दादा, मी काही केलं नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

मला ते माहीत होतं. ठिपका मीच घालत होतो. बोललो तर दुकान जाणार, गप्प बसलो तर मावशी. मी घाबरलो होतो, पण खरं सांगू? घाबरण्याचाही शेवटी कंटाळा येतो.

मी तीर्थात बोट बुडवून चोळलं. बुळबुळीत. "बाबा, हा धुण्याचा सोडा. परवा तुमचा चेला माझ्याकडूनच मागून घेऊन गेला." मग रुमालावर ओल्या हळदीचा ठिपका दिला आणि तेच तीर्थ शिंपडलं. ठिपका लाल झाला.

"अगंबाई, हळदीच्या डागाला साबण लावला की होतं तसंच की!" गर्दीतून एक बाई म्हणाली.

"तुमची कफनीही माझ्याकडेच येते ना, बाबा? तिच्यावर मी घातलेला हळदीचा ठिपका दिसला असेल."

बाबांनी ताईतांची पिशवी उचलली. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण सगळे आता माझ्याकडे बघत होते. काकांनी विचारलं, "पण हळद लावतोस कशाला रे?"

याच प्रश्नाला मी अकरा वर्षं भीत होतो.

"अलीकडच्या कपड्यांना ठिपका, पलीकडच्यांना नाही. धुतल्यावर वेगळे काढायला."

"वेगळे काढायला? पाटीवर तर लिहिलंयस, दोन्ही बाजूंसाठी स्वतंत्र मशीन."

"एक पहिल्याच वर्षी बंद पडलं, काका. तेव्हापासून सगळे कपडे एकाच पाण्यात. कुणाच्या अंगावर साधं पुरळही उठलं नाही. तुम्हाला बाबांनी नाही फसवलं, तुमच्या भीतीनं फसवलं. बाबांनी नुसता सोडा शिंपडला. पुढच्या वेळी कुणी रक्त दाखवलं, तर ओरडायच्या आधी बोट बुडवून बघा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिंप्यानं आपला गठ्ठा उचलला, बाकीच्यांनीही उचलले. संध्याकाळपर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या. पलीकडचेही येऊन आपापले कपडे घेऊन गेले. त्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे एक.

आठवडाभर मी आणि मावशी नुसते बसून होतो. मग एका सकाळी काका तोच सदरा घेऊन आले आणि तो त्यांनी मावशींच्या हातात दिला.

"ठिपका घालू नका," ते म्हणाले. "माझा सदरा मला ओळखता येतो."